पडद्याबाहेर आलेले दोन हात

पाणी थेट दगडावर पडले की त्याचा आवाज तुटक येतो. तेच पाणी आधी तळहातावर पडून मग खाली ओघळले, तर आवाज मऊ होतो, कोणी हलक्या स्वरात समजूत घालत असावे तसा. साताऱ्यातल्या माझ्या लहानपणीचा मार्गशीर्ष मला या दुसऱ्या आवाजानेच आठवतो. अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर ऊन पोचलेले असे, पण आमच्या परसात निळसर गारठा रेंगाळत असे. न्हाणीच्या पत्र्याखालून वाफ बाहेर येई आणि तिच्यात ओव्याचा, बाळंतशेपांचा, ओलसर सरपणाच्या धुराचा आणि कोमट तेलाचा वास एकजीव झालेला असे. त्या वाफेच्या आत मावशी असत. नुकत्याच जन्मलेल्या माझ्या धाकट्या भावाला पसरलेल्या पायांवर निजवून त्या न्हाऊ घालीत. शेजारी पाटावर तेल लावलेली आई डोळे मिटून बसलेली असे.

मावशी आमच्या नात्यातल्या नव्हत्या. आमच्या पेठेत बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊमाखू घालण्याचे काम त्या करीत. अंगाने किरकोळ, बोलणे मोजके, चालताना पावलाचा आवाज नाही. फक्त हात तेवढे देहाच्या मानाने मोठे, एखाद्या उंच बाईचे चुकून त्यांच्याकडे आलेले असावेत असे. वर्षानुवर्षे ऊन पाण्यात राहून तळव्यांवर बारीक चुण्या पडल्या होत्या. डाव्या मनगटावर तुळशीवृंदावनाचे गोंदण होते, आणि पाणी ओघळू लागले की ते हिरवे वृंदावन क्षणभर ओलेचिंब होऊन चमके. आम्ही मुले त्यांना मावशी म्हणत असू. इथेही मी तेवढेच म्हणणार आहे. का, ते क्रमाने सांगते.

ईरा, गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर बोलताना माझ्या पाठीमागच्या भिंतीवरचे चित्र तुला दिसले आणि तू दचकलीस. "आजी, हे तुझ्या घरात? अगं, हे सगळं खोटं आहे. त्या चित्रकारांनी पूर्वेकडच्या बायका पाहिल्याच नव्हत्या, मनानेच उघड्या करून बसवल्या." तुझा भाऊ निषाद मागून हसून म्हणाला, "आजी बंडखोर झाली." तू ज्या विषयाचा अभ्यास करतेस तो हाच, आणि तुझे म्हणणे मला सर्वस्वी मान्य आहे. तरी त्या चित्रात वीतभर जागा खरी आहे, आणि त्या जागेखाली एक नाव लिहावे की नाही, या प्रश्नात माझ्या हातून मोठी चूक झाली. ती तुम्हा दोघांना ठाऊक असावी म्हणून हे लिहिते.

चित्र माझ्या वडिलांनी, आप्पांनी, काढलेले आहे. ते साताऱ्यात चित्रकलेचे शिक्षक होते. जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना एक इंग्रजी ग्रंथ मिळाला होता. त्यात शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या एका युरोपीय चित्रकाराच्या चित्राची काळीपांढरी छापील प्रत होती. कुठल्याशा पूर्वेकडच्या शहरातले स्त्रियांचे स्नानगृह. घुमटाला गोल झरोके, त्यांतून उतरलेले प्रकाशाचे तिरके खांब, संगमरवरी हौद, आणि हौदाच्या काठी पहुडलेल्या, वस्त्रांचे भान नसलेल्या, आळसावलेल्या सुंदर स्त्रिया. एकीच्या हातात हुक्क्याची नळी, एकीच्या मांडीवर मांजर. चित्रकार कुशल होता यात शंका नाही. फरशीवरच्या ओलाव्यात झरोक्यांची प्रतिबिंबे त्याने अशी उतरवली होती की पाय घसरेल असे वाटावे. मात्र ज्या खोलीत पुरुषाला पाऊल टाकता येत नव्हते ती त्याने आपल्या गावी बसून रंगवली होती.

आप्पांनी त्याची मोठी तैलप्रतिकृती करायला घेतली. मूळ रंग त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी ते साताऱ्यातून गोळा केले. संगमरवराचा पांढरा यवतेश्वराच्या डोंगरावर विसावणाऱ्या ढगांचा, फरशांचा निळा आमच्या घरातल्या कल्हई न लागणाऱ्या इनॅमलच्या ताटल्यांचा, स्त्रियांच्या कांतीचा रंग काढणीला आलेल्या गव्हाचा. सारे जमत गेले. अडले ते उजव्या कडेच्या एका आकृतीपाशी. तिथे एक सावळी दासी उभी होती. तिचा चेहरा अंधाराकडे वळलेला, हातात सुरई, आणि पायाशी पहुडलेल्या गोऱ्या स्त्रीच्या मस्तकावर ती पाणी घालते आहे. तिचे हात सुरईला डिंकाने चिकटवल्यासारखे होते. आप्पा त्या पानावर बोट ठेवून म्हणाले होते, "या एवढ्या बायकांत काम करणारी ही एकटीच, आणि हिचेच हात त्याने मन लावून काढले नाहीत."

त्याच दिवसांत माझा भाऊ जन्मला आणि मावशी येऊ लागल्या. आप्पा पुढच्या खोलीत कुंचला हातात धरून बसत, आणि परसातून तो मऊ आवाज येई. एके सकाळी त्यांनी आईला विचारले, मावशींचे हात चित्रासाठी काढता येतील का. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तिने मावशींना स्वयंपाकघरात बसवून दार लोटून घेतले, आणि मला शेगडीसाठी निखारे आणायला शेजारी पिटाळले. मी परत आले तोवर बोलणे संपले होते. मी आठ वर्षांची होते. जे बोलणे आपल्यासमोर झाले नाही ते झालेच नाही, असे मानण्याचे ते वय.

दुसऱ्या दिवशी न्हाणे आटोपल्यावर आईने स्वयंपाकघराच्या दारात आपले जुने लुगडे पडद्यासारखे बांधले. पडद्याच्या अल्याड आप्पा कागद घेऊन बसले, पल्याड मावशी. मधल्या फटीतून दोन हात बाहेर आले. आईने त्यांत तांब्या दिला. हात थांबले, आणि आतून आवाज आला, "रिकामा तांब्या नगं. पानी घाला, त्ये बी ऊन. गार पान्याला हात येगळा पडतोय."

ऊन पाणी आणण्याचे काम माझ्याकडे आले. उजव्या हाताने तांब्या कलला. डावा तळवा धारेखाली गेला, बोटे किंचित मिटली, आणि पाणी त्या ओंजळीच्या कडेवरून पातळ पदरासारखे खाली पसरले.

"थोडं वर धरता का?" आप्पा म्हणाले.

"वर धरलं तर बाळाच्या डोळ्यांत जाईल, गुर्जी."

"तिथे बाळ कुठे आहे?"

"मग हात तरी कशापायी धरू?"

आई तोंडाला पदर लावून हसली आणि तिने खाली परातीत दुपट्याची गुंडाळी ठेवली. तेव्हा कुठे ते हात खरे झाले. पाच सकाळी आप्पा ते काढत होते. मावशी बाळाशी बोलाव्यात तशा त्या गुंडाळीशी बोलत. पडद्यामागून "झालं रं माज्या राजा, झालं" ऐकू येई, आणि पाळण्यात माझा सख्खा भाऊ भुकेने रडत असे.

म्हणून आप्पांच्या चित्रात एक विलक्षण गोष्ट घडली आहे. तो घुमट, तो हुक्का, ते मांजर, त्या साऱ्या स्त्रिया परक्या माणसाच्या स्वप्नातल्या. परंतु उजव्या कडेचे ते दोन हात त्या गोऱ्या, सुस्तावलेल्या सुंदरीच्या मस्तकावर असे धरलेले आहेत की जणू ती दहा दिवसांचे लेकरू आहे, आणि पाण्याचा चटका बसायचा तर आधी तो तळव्याला बसावा. मनगटावर तुळशीवृंदावनही आहे. आप्पांनी पाहिले ते सगळे काढले.

चित्र पूर्ण झाले आणि आईने ते कधी भिंतीवर लागू दिले नाही. चौकटीवरून सोडवून, आप्पांच्या धोतरात गुंडाळून ते ट्रंकेत गेले. उघड्या देहांची तिला लाज वाटत असावी, असे मी आयुष्यभर समजत आले, आणि शिकलेल्या मुलीने न शिकलेल्या आईकडे पाहावे तशी थोड्या कौतुकाने, थोड्या कीवेने त्या लाजेकडे पाहत राहिले. आई-आप्पा गेल्यावर ती गुंडाळी माझ्याबरोबर सांगलीला आली.

गेल्या वर्षी आप्पांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी साताऱ्यात, एका शाळेच्या सभागृहात, त्यांच्या चित्रांचे छोटे प्रदर्शन भरवायचे ठरवले. मनीषा नावाची तरुण चित्रकला शिक्षिका त्यासाठी माझ्याकडे येऊन गेली. मी गुंडाळी सोडली, चित्र नीट ताणून घेतले आणि सगळ्या चित्रांची यादी केली. मला यादी करायला आवडते, हे तुम्ही जाणताच. या चित्रापुढे मी लिहिले, "एका युरोपीय चित्राची प्रतिकृती, उजवीकडील परिचारिकेच्या हातांसाठी साताऱ्यातील...", आणि पुढे मावशींचे नाव, आडनावासह. चाळीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकवताना, कुणाकडून काय घेतले ते तळटीपेत लिहावे, असे मी मुलांना बजावीत आले. एका अनाम स्त्रीला तिचे नाव परत देताना मला कृतार्थ वाटले. यादी पाठवली, त्याच आठवड्यात शेवंता आली.

शेवंता ही मावशींची मुलगी, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. लग्न होऊन ती माधवनगरला आली. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा तिने आईचे काम हाती घेतले आणि निम्म्या सांगलीची बाळे पायांवर घेतली. त्यांत तुमची आई बाळंतपणाला माझ्याकडे आली तेव्हाचे तुम्ही दोघेही आहात. ईरा शांत होती, निषाद मात्र रोज तिच्या लुगड्यावर आपली सही करीत असे. आता गुडघे धरल्यामुळे ते काम तिची सून रूपाली करते. शेवंता नुसतीच येते, चहा पिते आणि सुनेच्या कामातल्या चुका सांगते.

चित्रासमोर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ह्या काय न्हायला आल्यात व्हय?"

"हो."

"एकीचं बी डोस्कं वलं न्हाई. आन् चूल कुटं हाय? ही भवानी हुक्का वढत बसलीया, तवर पानी निवंल की." ती आणखी पुढे झाली. "मांजर न्हाणीत! आवं अक्का, पान्याच्या आवाजाला मांजर थांबतंय का कदी?"

माझ्या डोळ्यांतून हसून पाणी आले. अनेक वर्षे असल्या चित्रांवर मी जे वाचले त्यात इतकी नेमकी टीका मला आढळली नव्हती. मग तिची नजर उजव्या कडेला गेली. दुपारचे ऊन गॅलरीतून येऊन चित्राच्या खालच्या भागावर पडले होते. तिने स्वतःचा डावा हात, नकळत, थोडा उचलला. बोटे किंचित मिटली.

"आई," ती म्हणाली. एवढेच.

मी उत्साहाने सांगितले की आता हे चित्र लोक पाहतील आणि खाली तिच्या आईचे नाव असेल, छापून. शेवंता वळली. तिच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसला नाही.

"अक्का, तुमी कुनाला इचारलं?"

"अगं, विचारायचं काय त्यात? मान आहे तो तुझ्या आईचा."

"तुमच्या आईनं तुळशीवर हात ठिवून शबुद दिला हुता. हात बगा, तोंड बगायचं न्हाई, आन् नाव कुनाला कवाच सांगायचं न्हाई. म्हनून बसली ती. हे गोंदन दिसलं तर पेठंतल्या बाया वळखतील, म्हनून तुमच्या आईनं चित्तर टरंकंत घातलं. आई मला मरताना सुदिक सांगून गेली, गुर्जींच्या मंडळींनी शबुद पाळला."

मी खुर्चीवर बसले. निखारे आणायला गेले होते तेवढ्या वेळात दारामागे जे ठरले, ते साठ वर्षांनी मला कळत होते. आईची लाज म्हणून मी जिची कीव केली, ते तिचे वचन होते.

तरी शिकलेले माणूस लवकर हरत नाही. मी म्हणाले, "पण शेवंता, आता काळ बदललाय. कोण काय म्हणणार?"

"काळ तुमचा बदलला आसंल." तिच्या स्वरात राग नव्हता, मुलांना बाराखडी सांगावी तसा तो होता. "माजी सून आज बी जाती. परक्याच्या घरात, दार लावलेल्या खोलीत, उगड्या बाळंतिनीजवळ जातो आमी. कुनाच्या अंगावर वळ हाय, कोन रडतंय, समदं दिसतंय. आतलं भाईर सांगत न्हाई म्हनून आत घेत्यात. उद्या ह्या नागड्या बायकांच्या खाली माज्या आईचं नाव लागलं, आन् कुनी फोनवर फिरवलं, तर रूपालीला कोन कवाड उगडंल?"

ईरा, तू ज्या चित्रकारावर रागावलीस त्याच्या शेजारी मी त्या क्षणी स्वतःला उभे पाहिले. बंद दारामागची खोली त्याने न विचारता रंगवली. तिथलेच एक नाव मी न विचारता लिहिले. माझा हेतू चांगला होता, आणि कदाचित त्यालाही तसेच वाटत असेल.

मनीषाला फोन केला, तर माहितीपत्रके छापून आली होती, दोनशे. तिने विचारले, "पण काकू, नाव काढणं म्हणजे त्यांच्यावर पुन्हा अन्यायच नाही का?" आदल्या दिवशीपर्यंत हेच माझे मत होते. मी इतकेच म्हणाले, की पत्रके वाटू नकोस, आम्ही दोघी येतो आहोत.

सकाळची एस.टी. धरून आम्ही निघालो. इस्लामपूरपर्यंत दोन्ही बाजूंना तुऱ्यावर आलेला ऊस होता आणि त्या राखाडी-जांभळ्या तुऱ्यांवरून ऊन हलत होते. शेवंता खिडकीशी बसली होती. मी दोनदा क्षमा मागितली. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, "आता गप बसा अक्का, चुकी आंघुळीगत आस्ती. एकडाव नीट धुतली की झालं."

शाळेच्या रिकाम्या वर्गात आम्ही बाकावर बसलो. मी पट्टी लावून पांढऱ्या कागदाच्या सारख्या रुंदीच्या चिकटपट्ट्या कापल्या होत्या. पहिल्या पत्रकावर पट्टी लावणार, तोच शेवंताने हात धरला.

"थांबा. कुटलं त्ये?"

तिला वाचता येत नाही. मी नावावर बोट ठेवले. तिने मान वाकवून पाहिले, बराच वेळ पाहिले. अक्षरांवरून तिने आपले जाडसर बोट हलकेच फिरवले, बाळाच्या टाळूवर तेल जिरवताना फिरवतात तसे.

"एवढंच हुतं व्हय माज्या आईचं नाव? मला वाटलं, लय लांब आसंल."

मग तिने माझ्या हातातली पट्टी घेतली आणि ती स्वतः, एकाही बाजूने नाव डोकावू न देता, त्यावर बसवली. पुढची सगळी पत्रके तिनेच झाकली. मी फक्त पट्ट्या सोलून देत होते. एक पत्रक तसेच ठेव, तुझ्यापाशी राहू दे, असे मी सुचवले. ती म्हणाली, "मला येत न्हाई वाचाया, आन् ज्याला येतंय त्याच्या हाताला लागायचं."

मनीषाने आधीच नेऊन लावलेले चित्र मात्र तिने प्रदर्शनातून काढू दिले नाही. "हात बगू द्या लोकांस्नी. गोंदन वळखनारं आता कोन ऱ्हायलंय?" प्रदर्शनाचे दोन्ही दिवस ती सभागृहातल्या खुर्चीवर पदर सावरून बसून होती. लोक आले, चित्रासमोर थोडे संकोचले, घुमटाच्या प्रकाशाची वाहवा करून पुढे सरकले. दिवस भरत आलेली एक तरुणी तेवढी उजव्या कडेपाशी रेंगाळली. तिने शेवंताला विचारले, "आजी, ही बाई इतकी जपून का ओततीय पाणी?" शेवंता उठली, तिचा हात आपल्या हातात घेऊन तळवा वर केला आणि त्याच्या कडेवर बोटाने रेघ ओढून हळू आवाजात काहीतरी सांगत राहिली. मी लांब होते. ती काय म्हणाली ते मी तिला विचारले नाही.

हे सगळे लिहू का, हे मात्र तिला आधी विचारले. ती हसली आणि म्हणाली, "लिवा. पन माजं नाव शेवंता लिवा. फूल चांगलं हाय." तेव्हा तेही तिचे खरे नाव नव्हे.

छापण्यापुरते नाव पाहिलेल्या मनीषाने ते कुणाला न सांगण्याचे कबूल केले आहे; तिला सोडले, तर चित्रातले हात कुणाचे हे नावानिशी आज आम्हा दोघींनाच ठाऊक आहे. आमच्या वयाच्या बायका आता एकमेकींना भेटताना निरोप घेतल्यासारख्याच भेटतात. आमच्यातली एक जाईल, मग दुसरी, आणि ते नाव कुठल्याही कागदावर कुणाला वाचता येणार नाही. आयुष्यभर मुलांना नावे लिहून ठेवायला शिकवलेल्या मला याचे दुःख होते, आणि बाळांनो, तुम्ही विचाराल तरी मी ते सांगणार नाही.